ओळखा पाहू : खोडदचा कान, गिरवलीचा डोळा

पुणे-नाशिक रस्त्यानं निघालात की मंचरला डावीकडे घोडेगाव-भीमाशंकरचा रस्ता फुटतो आणि थोडं पुढे नारायणगावला उजवीकडे खोडदचा. डावीकडे वळलात तर आंबेगाव तालुक्यात गिरवलीच्या डोंगरावर 'आयुका' या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. ती मे २००६ मध्ये सुरू झाली. उजवीकडे वळलात तर जुन्नर तालुक्यात जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अवाढव्य तबकड्या, द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून मान वर करून उभ्या. एका तालुक्यात आकाशाकडे लावलेला डोळा, शेजारच्या तालुक्यात कान. माझं आजोळ आंबेगावातलं आणि एक मावशी नारायणगावला दिलेली, त्यामुळे दोन्हीकडे माझी थोडीथोडी आपुलकी आहे.

आमच्या नातेवाइकांत खोडदबद्दल एक प्रश्न ठरलेला. "तिथून काय काय दिसतं गं?" खरं उत्तर असं की तिथून काहीच दिसत नाही. डोळा लावायला तिथं भिंगच नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी तबकड्यांवर पडतात, तीसही तबकड्यांचे संदेश एकत्र केले जातात आणि बरीच आकडेमोड झाल्यावर संगणक एक चित्र काढतो. त्या चित्रात काय असतं? ठिपके आणि डाग. डाग आकाशात नेमका कुठे आहे ते कळतं, किती प्रखर आहे ते कळतं, नशीब असेल तर त्याचा आकार कळतो. तो किती लांब आहे हे मात्र कळत नाही. दहा फुटांवरची निरांजन आणि दहा मैलांवरचा हॅलोजन, अंधारात दोन्ही सारखेच दिसावेत तसं. मग तो डाग म्हणजे तारा, मेलेला तारा, आकाशगंगा की आणखी काही? इथून पुढे सुरू होतो तो 'ओळखा पाहू'चा खेळ. मला आज त्या खेळाचा इतिहास सांगायचा आहे, कारण तो खेळ आपल्या दारात चालतो आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नसतो.

खेळ म्हटलं की आजोळचं खळं आठवतं. मे महिन्यात आम्ही सगळी मावस-मामेभावंडं खळ्यात गोधड्या टाकून झोपायचो. एकानं मनात एक चांदणी धरायची, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. लुकलुकते का? लाल आहे का? म्हातारीच्या खाटल्याच्या वर की खाली? (सप्तर्षींना आजी म्हातारीचं खाटलं म्हणायची, आणि शेपटीतल्या तिघांना चोर.) आजोबांनी या खेळात एकच नियम घातला होता. अंदाज उत्तर सांगायच्या आधी, मोठ्यानं बोलायचा. उत्तर कळल्यावर "माझ्या पण मनात तेच होतं" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गोठा झाडायला लागायचा. हा नियम लक्षात ठेवा, मंडळी.

मोठ्या माणसांनी हा खेळ खेळायला सुरुवात केली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात रडारवर काम केलेले लोक आकाश ऐकायला लागले आणि त्यांना जागोजागी रेडिओ 'स्रोत' सापडू लागले. त्यातला एक फार प्रखर स्रोत हंस तारकासमूहात होता, नाव 'सिग्नस ए'. तिथं साध्या दुर्बिणीतून बघितलं तर विशेष काहीच नाही. अडचण अशी की त्या काळच्या रेडिओ दुर्बिणींना जागा नेमकी सांगता यायची नाही. गावाचं नाव कळायचं, पण गल्ली आणि घर नाही. १९५१ साली केंब्रिजच्या ग्रॅहॅम स्मिथ यांनी ती जागा चांगली नेमकी मोजली आणि अमेरिकेतल्या पालोमारच्या पाच मीटरच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या वॉल्टर बाडे यांना कळवली. बाडेंनी फोटो घेतला. त्या जागी एक अंधूक दीर्घिका होती, मधे चिमटा काढल्यासारखी, दोन तुकड्यांची. बाडे म्हणाले, या दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतायत.

त्यांचे सहकारी रुडॉल्फ मिंकोव्स्की यांना हे मुळीच पटलं नाही. बाडेंनी हजार डॉलरची पैज लावली. मिंकोव्स्कींनी नुकतंच घर घेतलं होतं, त्यामुळे हजार डॉलर परवडेनात. शेवटी व्हिस्कीच्या एका बाटलीवर तोडगा निघाला. वर्णपटात उष्ण वायूच्या ठळक रेषा दिसल्या तर बाडे जिंकले. रेषा दिसल्या, मिंकोव्स्कींनी हार मानली आणि बाटली आणून दिली. पुढचा किस्सा बाडे स्वतः तक्रारीच्या सुरात सांगत. आणली ती पूर्ण बाटली नव्हतीच, खिशात मावणारी चपटी होती, आणि दोन-तीन दिवसांनी मिंकोव्स्की काही कामानं आले ते तीही संपवून गेले!

पण खरी गंमत नंतरची. सिग्नस ए आपल्यापासून सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे, आणि एवढ्या लांबून इतका जोरात आवाज करायचा तर लागणारी ऊर्जा नुसत्या टकरीतून निघत नाही, हे पुढच्या काळात स्पष्ट झालं. आज त्यामागे दीर्घिकेच्या केंद्रातलं महाकाय कृष्णविवर आहे असं मानतात. म्हणजे पैज जिंकणाऱ्याचा अंदाजही चुकीचाच होता. मिंकोव्स्कींनी स्वतःच व्हिस्की पिऊन टाकली ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं :)

नेमकी जागा शोधण्याची पुढची युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त आवडते, कारण ती चंद्राच्या मदतीनं केलेली आहे. चंद्र आकाशात सरकताना वाटेतल्या गोष्टी झाकत जातो. चंद्राची कड कोणत्या क्षणी कुठे असेल हे पंचांगवाल्यांना फार काटेकोरपणे माहीत असतं. मग एखादा रेडिओ स्रोत चंद्रामागे कोणत्या क्षणी गप्प होतो आणि कोणत्या क्षणी परत बोलू लागतो हे मोजलं, की त्याची जागा आणि आकार दोन्ही मिळतात. ५ ऑगस्ट १९६२ ला सिरिल हॅझर्ड यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीवरून 'थ्री-सी २७३' नावाच्या स्रोताचं असं पिधान टिपलं. तिथं एक साधा निळसर तारा निघाला. निदान सगळ्यांना तो तारा वाटला. फेब्रुवारी १९६३ मध्ये मार्टन श्मिट त्याचा वर्णपट समोर घेऊन बसले होते. रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. मग लक्षात आलं की हा तर आपला नेहमीचा हायड्रोजन, फक्त सगळ्या रेषा लाल रंगाकडे जवळजवळ १६ टक्के सरकलेल्या. 'तारा' दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही लांब होता. असा पहिला क्वेसार ओळखला गेला.

याच १९६३ साली गोविंद स्वरूप नावाचा चौतिशीतला माणूस अमेरिकेतली स्टॅनफर्डची नोकरी सोडून होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला होता. हॅझर्डच्या कामाबद्दल वाचून स्वरूपांच्या डोक्यात आलं, चंद्राचीच मदत घ्यायची तर एक-दोन कशाला, शेकडो स्रोत मोजू की! आधी कल्याणजवळ त्यांनी ३२ छोट्या तबकड्या उभ्या केल्या (१९६५). मग उटीला एक डोंगरउतार शोधून काढला. का, तर तो उतार तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे ११ अंशांचा होता, आणि त्यावर दक्षिणोत्तर झोपवलेली दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होत होती. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. नुसती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवली की तासन् तास चंद्राच्या मागे जाता येतं. १९७० साली ती सुरू झाली आणि हजाराच्या वर स्रोत तिनं मोजले. परदेशातून महाग यंत्र आणण्यापेक्षा आपला डोंगर नीट बघून निवडायचा, हे मला फार आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या डोक्यानं चालल्यासारखं वाटतं.

आता येतो तो भाग ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. एकेका डागाची ओळख पटवता पटवता प्रश्न मोठा होत गेला. विश्व पूर्वीही असंच होतं का? की त्याला सुरुवात होती आणि ते बदलत आलं? पहिली बाजू म्हणजे फ्रेड हॉइल आणि मंडळींचा १९४८ चा स्थिरस्थिती सिद्धांत. दुसरी म्हणजे महास्फोट. १९६१ साली केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजदाद मांडून सांगितलं की हॉइल हरले, लांबवर म्हणजे जुन्या काळात स्रोत फारच जास्त होते. तेव्हा हॉइल यांच्या बाजूनं आकडेमोड करायला उभा राहिला त्यांचा तेविशीच्या आसपासचा विद्यार्थी, जयंत नारळीकर. आणि १९७५ साली उटीच्या दुर्बिणीवरून स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की अंधूक होत जाणारे स्रोत ज्या पद्धतीनं लहान लहान होत जातात, ते बदलत्या विश्वाशी जुळतं. म्हणजे राइल यांच्या बाजूचं माप, आपल्या उटीवरून.

पुढे काय झालं बघा. नारळीकरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभारली. स्वरूपांनी पुण्यातच एनसीआरए, म्हणजे जीएमआरटी चालवणारी संस्था उभारली. दोन्ही पुणे विद्यापीठाच्या आवारात, अक्षरशः शेजारी शेजारी. विश्वाच्या एवढ्या मोठ्या पैजेत ज्यांची पारडी वेगवेगळी, ते दोघे एकमेकांचे शेजारी झाले, आणि पुण्यातलं खगोलशास्त्र त्या शेजारावर वाढलं. नारळीकरांनी आपला अंदाज सोडला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना ती पटली नाही, आजही पटत नाही. स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये गेले, नारळीकर मे २०२५ मध्ये. नारळीकर गेल्यावर कुणीतरी माझ्याजवळ म्हणालं, "एवढा मोठा माणूस, पण चुकीच्या बाजूला राहिला." मला ते लागलं. आजोबांच्या नियमानं बघायचं तर त्यांनी अंदाज उत्तराच्या आधी आणि मोठ्यानं सांगितला होता, काय दिसलं तर आपण हरलो तेही सांगितलं होतं. त्यांचा अंदाज खोडायला निघालेल्या लोकांनी जी मापं घेतली, त्यातून आपल्याला विश्व कळलं. असो.

खोडदची गोष्ट त्यामानानं माहितीची आहे. मोठ्या लांबीच्या लहरी ऐकायच्या तर शांत जागा हवी, भोवती डोंगरांचा आडोसा हवा, वारा-बर्फ नको, आणि जवळ पुण्यासारखं शहर हवं. जुन्नर तालुक्याला तबकड्या नव्या नव्हत्या म्हणा, जवळच आर्वीला उपग्रहांशी बोलणारं देशातलं पहिलं व्यावसायिक केंद्र १९७१ पासून होतं. तीसपैकी चौदा तबकड्या खोडदजवळ दाटीनं आहेत, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर दूरवर पसरलेल्या. सगळ्या मिळून साधारण २५ किलोमीटरच्या एका दुर्बिणीसारखं काम करतात. तबकडी भरीव पत्र्याची न करता स्टीलच्या तारांची जाळी दोरखंडांवर ताणून केली, म्हणून वारा आरपार जातो आणि वजन व खर्च दोन्ही वाचतात. ४ ऑक्टोबर २००१ ला ती रतन टाटांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली.

तिथं सापडलेला पहिला पल्सार याच खेळातला. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. १९६७ साली जोसेलिन बेल यांना पहिला सापडला तेव्हा इतकी नियमित टिकटिक कुणीतरी मुद्दामच करत असेल, म्हणून अर्धं चेष्टेत त्याचं नाव 'छोटी हिरवी माणसं' ठेवलं होतं! तर २००४ मध्ये जीएमआरटीनं 'एनजीसी १८५१' या तारकागुच्छात सेकंदाला दोनशे गिरक्या घेणारा पल्सार शोधल्याचं जाहीर झालं. एका सोबत्याभोवती तो अतिशय लांबट कक्षेत फिरतो. हा गुच्छ थंडीच्या दिवसांत मृगाच्या आणि सशाच्याही खाली, दक्षिणेच्या क्षितिजाकडे असतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण दिशा दाखवता येते.

वीस वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट दुर्बिणीवर काम करणाऱ्यांनी त्याच गुच्छातल्या दुसऱ्या एका पल्सारबद्दल लिहिलं. त्याचा सोबती दिसत नाही, पण त्याचं वजन सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट निघालं. न्यूट्रॉन ताऱ्यासाठी हे फार जड, कृष्णविवरासाठी फार हलकं. म्हणजे एक तर आजवरचा सर्वांत जड न्यूट्रॉन तारा, नाहीतर सर्वांत हलकं कृष्णविवर. मी हे दिवाळीत मावशीकडे जेवताना सांगितलं आणि आजोबांच्या नियमानं सगळ्यांना अंदाज बोलायला लावले. तिघं कृष्णविवर म्हणाले, दोघं न्यूट्रॉन तारा. मी न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाजूला, आधीच सांगून ठेवते. मावशी वाढता वाढता म्हणाली, "आणि दोन्ही नसलं तर?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. शास्त्रज्ञांकडेही सध्या नाही.

कधी कधी उत्तर नाही, प्रश्नसुद्धा आपल्याच कपाटात पडून असतो. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका नव्या दुर्बिणीच्या चित्रांत अंधूक, जवळजवळ गोल कडी दिसायला लागली. आधी वाटलं चित्र काढण्यातलीच काहीतरी चूक. त्यांना 'विचित्र रेडिओ वर्तुळं' असंच नाव पडलं. मग जुनी दप्तरं उघडली तर असंच एक कडं जीएमआरटीनं मार्च २०१३ मध्ये घेतलेल्या निरीक्षणांत सापडलं. दुर्बीण बघत होती दुसरंच काही, हे कडं कोपऱ्यात आलं होतं. सात वर्षं कुणी विचारलंच नाही की हे काय आहे.

म्हणून डोळे जास्त हवेत. जीएमआरटीनं २०१० ते २०१२ या काळात आकाशाचा मोठा भाग धुंडाळला आणि २०१७ मध्ये त्यातून सुमारे ६.२ लाख स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. एवढे डाग कोण ओळखणार? डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये 'रॅड अ‍ॅट होम' नावाचा उपक्रम सुरू केला, त्यात साधे पदवीधर, शिक्षक, विद्यार्थी घरी बसून हे काम शिकतात. रेडिओचं चित्र आणि साध्या प्रकाशातलं चित्र एकावर एक ठेवायचं आणि विचारायचं, हा डाग कुणाचा? या दीर्घिकेचा की त्या? दोन्ही बाजूंना फवारे आहेत का? एकच बाजू का वाकडी? २०२५ मध्ये याच मंडळींनी एकमेकांत गुंतलेल्या दोन रेडिओ कड्यांचा शोध जाहीर केला, युरोपातल्या दुर्बिणीच्या चित्रांतून. कान आणि डोळा एकत्र आणायचा हा तोच खेळ, जो ग्रॅहॅम स्मिथ आणि बाडे पत्रापत्री करून खेळत होते. मोठा फरक एवढाच की आता खेळायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता थोडं अवघड जागेचं. या खेळाला शांतता लागते, आणि ती शांतता आपले तालुके देतात. मोबाईल तर सोडाच, वीजवाहिनीच्या एखाद्या सैल जोडातून उडणारी ठिणगीसुद्धा जीएमआरटीला गोंगाट वाटते. तिचे कान किती तीक्ष्ण ते जगानं १९ ऑक्टोबर २०१६ ला पाहिलं. युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा क्षीण आवाज पृथ्वीवर थेट ऐकला जात होता तो खोडदला. उतरायच्या जेमतेम मिनिटभर आधी तो आवाज बंद पडला. उतरलं की आदळलं? आदळलं होतं, हे नंतर कळलं.

याच शांततेपायी पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावजवळून जाणारा आराखडा अडला. दुर्बिणीच्या कामात अडथळा येईल म्हणून तो मार्ग सोडून शिर्डीकडून जायचं, असं २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितलं. मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथल्या लोकांना किती वर्षं या गाडीची वाट पाहायला लागली हे मला घरातूनच माहीत आहे. टोमॅटोचे क्रेट ट्रकमध्ये भरून घाटात आणि चाकणच्या गर्दीत तासन् तास अडकणारा माणूस "तुमच्या आकाशातल्या डागांचं मी काय करू?" म्हणाला तर त्याला उडवून लावायचा मला अधिकार नाही. दुर्बिणीपासून लांब राहील असा मार्ग याच तालुक्यांतून काढता येईल, असं इथल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, आणि ते तपासून बघायलाच हवं. पण दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही तितकंच खरं. एकदा गोंगाट सुरू झाला की कान गेले.

मला खटकतं ते वेगळंच. इतकी मोठी गोष्ट तालुका सोडून देतोय, तर ती कशासाठी हे त्याला कुणी त्याच्या भाषेत, त्याच्या घरी येऊन सांगितलं का? २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनाला, खोडदला प्रदर्शन भरतं, शाळेच्या गाड्या भरभरून मुलं येतात, शास्त्रज्ञ उन्हात उभे राहून समजावतात. ते फार चांगलं आहे. पण मुलांच्या बापांनाही कधीतरी बोलवा. मावशीचा मोठा दीर, आयुष्यभर द्राक्षं केलेला माणूस, त्या दिवाळीत माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "गाडी पाहिजेच. पण ते सव्वादोन-अडीच सूर्यांचं काय निघालं, ते मला फोन करून सांग." त्यांचा अंदाज कृष्णविवराचा आहे.